आधी कोपरे, मग तोंड

सन २०१७. मला सदुसष्टावं लागलं होतं. आमच्या गावाहून तालुक्याला, अकोले गावाला जाणारी सकाळची जीप देवळापुढे उभी होती आणि मी उजव्या पायावर भार न देता तिच्या दांड्याला धरून उभा होतो. गुडघा बांधावरून पडलो तेव्हा गेला. डोक्यावर गवताचा भारा, पाय सटकला, भाऱ्यासकट खाली खाचरात. बायको जाऊन वर्ष झालं होतं. तोवर चूल मीच पेटवत होतो, भाकरी मीच थापत होतो, आणि वाकड्या भाकरीला कुणी नाव ठेवलं तर त्याला ती खायला देत नव्हतो. पण पाय धरेना तेव्हा शिर्डीहून लेक आली. "आण्णा, चला. आता मी ऐकून घेनार न्हाई," म्हणाली.

मंगल माझी एकुलती लेक. शिर्डीत तिचं हारफुलांचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार बांबू, वर पांढरं कापड, पुढे एक फळी. जावई मूळचे राहात्याचे. टेम्पोवर असतात, येताना तिथूनच फुलं आणतात.

निघताना धाकटा भाऊ किसन जीपपाशी आला. शेत आता तोच करतो. त्याच्या तोंडावर राग होता, कारण माझ्याकडे राहा म्हणून तो हात धरून सांगत होता आणि मी भावजयीच्या हातचं रोज खाणार नाही म्हणून अडून बसलो होतो. भरल्या जीपसमोर तो बोलला, "दादा, भावाचं चालत न्हाई आन लेकीच्या दारी ताट घेऊन बसनार व्हय?"

आमच्याकडे बाप लेकीच्या घरी पाहुणा म्हणून जातो. चहा घेतो, नातवंडांच्या हातावर काही ठेवतो, दिवस मावळायच्या आत परत निघतो. तिथे राहून खाणारा बाप मी माझ्या आयुष्यात पाहिला नव्हता. जीपमधली माणसं माझ्याकडे बघत होती. मंगल घराला कुलूप लावायला मागे राहिली होती. मी म्हणालो, "ताट कशाला? जावयानं लॉज काढलाय. देखरेखीला घरचा मानूस पाहिजे. मालकाच्या खुर्चीत बसनार हाय मी."

हे तोंडातून कसं आलं, मला आजही सांगता येणार नाही. पण आलं, आणि जीपमधल्या सगळ्यांनी ऐकलं. मग मंगल आली, शेजारी बसली, आणि वाटेत माझ्या गुडघ्याखाली स्वतःची शाल घडी करून सरकवली.

गावाकडची मंडळी आणि माझ्यासारखे गाव सोडून गेलेले, दोघांसाठी हे लिहितोय. मी चौथीपर्यंत शिकलो. कागदावर लिहिता येतं, मोबाईलच्या त्या बारीक अक्षरांवर बोट बसत नाही. चुकलं तर सुधारून वाचा.

शिर्डीत मी कुठल्याच खुर्चीत बसलो नाही. दुकानामागच्या बोळात पोत्यावर बसलो. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायचा, लांब सुई घ्यायची आणि झेंडू ओवायचा. बसून करायचं काम, गुडघ्याला बरं. माझ्या दोन्ही बाजूंना बायका बसायच्या, त्याही तेच करायच्या. त्यांच्यातली एक मला पहिल्या दिवशी म्हणाली, "बाबा, फुलाला नांगरासारखं धरू नका, पळून जात न्हाई ते." मी तिच्याशी आठवडाभर बोललो नाही. बोटं पिवळी झाली. जेवताना भाताला झेंडूचा वास यायचा.

आणि जेवण. मी मागून कधी खाल्लं नाही. मंगल "जेवा, आण्णा" म्हणेपर्यंत पाटावर बसायचं नाही, दुसऱ्यांदा वाढायला आली की ताटावर हात धरायचा. भूक असायची. घरी स्वतःच्या हातच्या चार भाकऱ्या खाणारा माणूस मी, इथे दीड खाऊन उठायचो आणि पोट भरलं म्हणायचो. तिला वाटायचं शहराचं पाणी बाधलं.

दुकानाशेजारी याकूबभाई बसायचे. एके काळी गळ्यात कॅमेरा अडकवून भक्तांचे फोटो काढायचे, मोबाईल आल्यावर तो धंदा बसला. आता मोबाईलची कव्हरं विकायचे, आणि ज्याला मोबाईल पकडून फोटो काढतात ती काठी. मंगलनं मला मोबाईल घेऊन दिला. गावातल्या कुणीतरी मला व्हॉट्सॲपच्या ग्रुपात घेतलं. पहिल्याच दिवशी विचारणा झाली, 'दादा, लॉजचा फोटो टाका.'

मग फोटो शिकणं आलं. मी याकूबभाईंना म्हणालो, मला माझा स्वतःचा फोटो काढायला शिकवा. काठी नको, ती विकत घ्यावी लागेल.

"चाचा, पहिल्या वाक्यातच गिऱ्हाईक गेलं," ते म्हणाले. पण शिकवलं.

पहिला फोटो मी छातीशी मोबाईल धरून काढला. त्यात दोन मोठ्या नाकपुड्या आणि वर थोडं आभाळ. याकूबभाई पोट धरून हसले. "हा बैलाला दाखवा, चाचा, ओळखीचं वाटेल त्याला." मग त्यांनी एकेक सांगितलं. मोबाईल तोंडाजवळ धरला की नाक फुगतं, म्हणून हात पुरता लांब करायचा. भुवईच्या थोडा वर धरायचा, म्हणजे गळ्याची लोंबती कातडी लपते. हनुवटी इवलीशी पुढे काढून खाली. काचेत स्वतःचं तोंड बघत बसायचं नाही, वर ते बारीक भोक असतं त्यात बघायचं, नाहीतर डोळे चोरासारखे खाली जातात. काढायच्या आधी ते भोक धोतराच्या सोग्याने पुसायचं. ऊन डोक्यावर असलं तर काढायचाच नाही, टोपीची सावली डोळ्यांत खड्डे पाडते. सकाळी, सावलीत उभं राहून उजेडाकडे तोंड करायचं. काचेवर बोट मारताना हात हलतो, त्यापेक्षा बाजूचं आवाजाचं बटण दाबायचं. आणि श्वास सोडून दाबायचं, धरून नाही.

शेवटी म्हणाले, "आणि चाचा, लोक काय करतात, सगळे आपल्या तोंडाकडे बघतात. मागून म्हैस जात असते ते घरी गेल्यावर कळतं. तुम्ही आधी चारही कोपरे बघा. मग तोंड."

हे मी मनावर घेतलं. इतकं की खुद्द त्यांनीसुद्धा घेतलं नसेल. मी आधी कोपरे बघायचो. कोपऱ्यात पोतं दिसतंय का, सुई दिसतेय का, फुलांचं घमेलं दिसतंय का. दिसलं की एक पाऊल सरकायचो. पिवळी बोटं खाली ठेवायचो. मोठ्या लॉजच्या काचेच्या दारापुढे धुतलेला शर्ट घालून उभा राहिलो. दुसऱ्याच्या पांढऱ्या गाडीला टेकून काढला, तर मालक ओरडत आला, पण तोवर बटण दाबलं होतं. जावयांबरोबर टेम्पोतून विमानतळाच्या रस्त्याने गेलो होतो, तिथे पाटीखाली काढला. खाली ग्रुपात आलं, 'दादा आता विमानानं फिरत्यात!' मी त्यावर काही बोललो नाही. नाही म्हणायला अक्षरं शोधावी लागली असती, असं मी स्वतःला सांगितलं.

गावचं कुणी दर्शनाला आलं की मी त्यांना मंदिराच्या गेटपाशी गाठायचो, चहा पाजायचो. लॉज दाखवा म्हणाले की म्हणायचो, रंगाचं काम चालू हाय, ओला हाय. वर्षभर माझ्या लॉजचा रंग वाळला नाही.

मंगलला यातलं काही माहीत नव्हतं. ग्रुप गावच्या माणसांचा, आणि लग्न करून दिलेल्या लेकींना त्यात कुणी घेत नाही. मी फोटो काढताना ती कधी मागून जायची, तेव्हा मी थांबायचो. ती गेली की काढायचो. तिला वाटायचं बाप हौशी झाला. गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायची, "आमच्या आण्णांचा फोटो बघा, साहेब दिसत्यात."

पुढच्या वर्षातला एक गुरुवार. गुरुवारी इथे पाय ठेवायला जागा नसते. सकाळी लवकर मंगलनं ताजे हार दुकानाच्या दांडीला टांगले होते, झेंडूचे आणि निशिगंधाचे. वरच्या पांढऱ्या कापडातून असा मऊ उजेड खाली येत होता की याकूबभाई दुरून ओरडले, "चाचा, हा उजेड विकत मिळत नाही, उभे राहा!" दुकानापाशी मी कधी काढत नसे. पण मोबाईल वर धरला तर फळी खाली राहत होती. मागे शेजारच्या दुकानाची पांढरी भिंत, दोन्ही बाजूंनी खाली आलेले हार आणि मधे मी. कोपरे बघितले. फूल सोडून काही नाही. टोपी सरळ केली. पुढचा दात पडलेला, म्हणून ओठ मिटले. भोकात बघितलं, श्वास सोडला, दाबलं.

खरं सांगतो, इतका चांगला फोटो माझ्या लग्नातही निघाला नव्हता. याकूबभाईंनी मोबाईल हातात घेऊन तो दोनदा बघितला. मी तो ग्रुपात टाकला. खाली काही लिहिलं नाही, मी कधीच लिहीत नव्हतो. मग मोबाईल बंद करून याकूबभाईंकडे चार्जिंगला लावला, बंद असला की लवकर भरतो असं त्यांनीच सांगितलं होतं, आणि बोळात जाऊन ओवायला बसलो.

आता तुम्हीच सांगा. आमच्या गावच्या ग्रुपात पांढरी टोपी घातलेल्या म्हाताऱ्याचा एकट्याचा फोटो, तोंड समोर, ओठ मिटलेले, दोन्हीकडे हार आणि खाली शब्द नाही. असा फोटो आमच्याकडे एकाच कारणानं येतो.

पहिल्यांदा कुणीतरी जोडलेले हात टाकले. दुसऱ्यानं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. मग काय, रांग लागली. हे मी नंतर वाचलं. 'मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व' असं एकानं लिहिलं होतं. मी जन्मात कधी कुणाशी मिळून वागलो नाही. ज्याच्याशी बांधावरून वीस वर्षं बोलणं नव्हतं त्यानं लिहिलं, 'गावचा आधार गेला.' वाचताना बरं वाटलं, हे लपवत नाही. त्याचीच आता जास्त लाज वाटते.

किसननं मला फोन लावला, तो बंद. मंगलला लावला, तिचा गल्ल्याच्या डब्यात, गर्दीत कुणाला ऐकू येणार. त्याला खात्री पटली. त्यानं जीप केली, भावकीतली माणसं घेतली. भावजयीनं भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं, फडक्यात बांधून दिलं. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. नातलग शिजवून नेतात आणि घरच्यांना बळंच दोन घास खायला घालतात. त्याला कडू घास म्हणतात. माझा कडू घास किसन मांडीवर घेऊन अकोल्याहून शिर्डीपर्यंत आला.

मंगलचं घर-दुकान त्यानं कधी बघितलं नव्हतं, म्हणून इथे येऊन तो लॉज शोधत हिंडला. मी सांगितलेला लॉज. मोठ्या मोठ्या लॉजांच्या काउंटरपुढे उभा राहून विचारत होता, हितले मालक वारले का. एकानं हाकलून दिलं. दुसरा म्हणाला, "काका, गुरुवारच्या दिवशी अपशकुन करू नका." डोळ्यांतून पाणी आणि हातात भाकऱ्यांचं गाठोडं, असा माझा भाऊ भर उन्हात लोकांच्या पायऱ्या चढला उतरला. शेवटी त्यानं नुसतं मंगलचं नाव घेऊन विचारलं, अकोल्याकडची, राहात्याला दिलेली. एका रिक्षावाल्यानं सांगितलं, ती व्हय, ती फुलवाली, पलीकडच्या गल्लीत.

किसन दुकानापुढे आला तेव्हा मंगल एका गिऱ्हाइकाशी भाव करत हसत होती.

"बाप मेलाय आन तू दात काढतीस?" तो ओरडला.

मंगलनं त्याला बघितलं, मागची माणसं बघितली, गाठोडं बघितलं. तिला वाटलं, आपण इकडे हार विकतोय आणि मागे बोळात आण्णा गेले. हे काकांना आपल्या आधी कळलं. तिच्या हातातली फुलांची पाटी पडली. ती पळत आली.

मी मान खाली घालून ओवत होतो. आधी ओरडणं ऐकलं. वर बघितलं तर मंगल बोळाच्या तोंडाशी, पदर सुटलेला, अनवाणी, आणि तोंड असं झालेलं की मला आधी ती ओळखूच आली नाही. मला जिवंत बघितलं तरी तिचे पाय थांबेनात. ती आली आणि माझा हात धरून खाली बसली, सुईसकट. सुई तिच्या तळव्यात गेली, तिला कळलं नाही.

मी मेल्यावर माझी लेक कशी दिसेल ते मी बघितलं. हे कुणाला बघायला मिळत नाही, आणि मिळू नये.

मागून किसन आला. मला बघून भिंतीला टेकला. "दादा, हायेस व्हय तू?"

"हाये," मी म्हणालो. "काय झालं?"

त्यानं मला एक शिवी दिली, धाकट्यानं थोरल्याला देऊ नये अशी, आणि लहान पोरासारखा रडायला लागला. ओवणाऱ्या बायकांपैकी एकीनं त्याला पाणी दिलं. पाणी पिऊन त्यानं बोळ बघितला. पोतं, घमेलं, माझ्या अंगठ्याला अडकवलेला दोरा.

"लॉज कुठंय?" तो म्हणाला.

मी अंगठ्याचा दोरा सोडायला लागलो.

"कसला लॉज?" मंगल म्हणाली.

किसननं सांगितलं. जीपपुढे मी बोललो ते, मालकाची खुर्ची, ओला रंग, सगळं. मोबाईल काढून तिच्या हातात दिला. ती एकेक फोटो वर सारत बघत होती. काचेचं दार, पांढरी गाडी, विमानतळ. किती वेळ बघितलं कोण जाणे. मग एका फोटोवर थांबली. त्यात उजव्या कोपऱ्यात एक कोपर आलं होतं, हिरव्या बांगड्यांचं. ते माझ्याकडून राहून गेलं होतं.

"ही मीच ना?" ती म्हणाली. मग म्हणाली, "बाकी मी कुठंच न्हाई, आण्णा. तुमाला माझी लाज वाटत हुती व्हय?"

तुझी नाही, माझी वाटत होती, असं म्हणायला पाहिजे होतं. आज सुचतं. तेव्हा मी म्हणालो, "उजेड बरोबर नव्हता." याच्यापेक्षा हलकं वाक्य मी आयुष्यात बोललो नाही.

ती उठली. तळवा पदराला पुसला. गाठोडं सोडलं, सगळ्यांना भाकरी-पिठलं वाढलं. आलेल्या माणसांना मेलेल्याच्या जेवणावर हसू यायला लागलं होतं, कुणीतरी म्हणालं, "दादा, स्वतःचा कडू घास खानारा तूच पयला." सगळे हसले. मंगलनं माझ्यापुढेही ताट ठेवलं. 'जेवा, आण्णा' म्हणाली नाही. मी ताटाकडे बघत बसलो. त्या दिवशी मी जेवलो नाही आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

निघताना किसन जीपमध्ये चढता चढता थांबला. "गावात काय सांगू?"

"खरं काय ते सांग."

"मी का सांगू? तूच सांग. तुला लई चांगलं फोटो काढता येत्यात ना आता?"

जीप गेली. तिच्यामागे जावंसं मला वाटलं नाही, हे माझं मलाच नवल वाटलं. इतके दिवस गाव म्हटलं की मला घर आठवायचं, कुलूप आठवायचं, किल्ली मी कमरेला बांधून हिंडत होतो. पण त्या कुलपामागे आता माझ्या मरणानं अनवाणी पळणारं कुणी नव्हतं. ते माणूस इथे चार बांबूंखाली होतं, आणि त्याला मी कोपऱ्यातून काढत आलो होतो. गाव सोडून गेलेल्यांनो, तुम्ही फोटो पाठवता तेव्हा कोण बाजूला सरकतं ते एकदा आठवून बघा. आणि गावाकडच्यांनो, आमचे फोटो नीट बघत जा. जिथे आम्ही एकटेच छान दिसतो तिथे विचारा, बाकीची कुठं गेली.

त्या रात्री मंगल माझ्याशी बोलली नाही. रागानं भांडी आपटणारी ती नाही. गप्प बसली की मात्र बापावर जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेला शर्ट घातला नाही. पोतं बोळातून उचललं आणि दुकानापुढे, रस्त्याच्या कडेला अंथरलं. घमेलं आणलं. अंगठ्याला दोरा लावला. येणारे जाणारे बघत होते. मंगल फळीमागे हार ओले करत होती, तिच्या तळव्याला चिंधी होती.

"मंगल, हितं ये," मी म्हणालो.

"मला काम हाय."

"हातातलं घेऊनच ये."

ती आली, बसली नाही, माझ्यामागे वाकली. ऊन तिच्या पाठीवर होतं, म्हणजे उजेड उलटा. हात पुरता लांब झाला नाही, कारण दुसऱ्या हातात सुई होती. भोक पुसलं नाही. कोपरे बघितले नाहीत. बटण दाबलं तेव्हा ती मोबाईलकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

याकूबभाईंनी बघितला आणि कपाळावर हात मारला. "चाचा, नाक बघा तुमचं! ताईंचं तोंड काळं आलंय, कोपऱ्यात गटार आलंय, पुसून टाका, दुसरा काढू."

मी पुसला नाही. ग्रुपात टाकला. खाली लिहिता येईना म्हणून ते बोलायचं बटण दाबून धरलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोललो, "मी जिता हाय. लॉज न्हाई. ही माझी लेक मंगल. हिच्या दारात हार ओवतो, हिच्या घरी जेवतो."

बटण सोडलं. मंगल फळीकडे वळली होती, पाठ माझ्याकडे, हात थांबलेले. कालपासून पोटात काही नव्हतं.

"मंगल," मी म्हणालो, "भूक लागलीय गं. भाकर वाढ."